फिशर ५००-सीचा व्हॉल्व्ह लाल होतोय, पण व्हॉल्व्ह बदलायची घाई नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. न्यू जर्सीत बरीच वर्षं वापरलेला फिशर ५००-सी, म्हणजे व्हॉल्व्हचा जुना अमेरिकन स्टिरिओ रेडिओ-अँप्लिफायर, घरसामानाबरोबर पुण्याला आणलात. स्टेपडाउन (२३० व्होल्ट उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर) लावून सुरू केला तर डाव्या बाजूने घूंऽऽ असा आवाज येतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत मागच्या चार मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाची प्लेट, म्हणजे काचेतला धातूचा पत्रा, लाल होते. ज्याला दाखवलात तो म्हणाला, ‘सगळे व्हॉल्व्ह बदला, नवाकोरा होईल.’ आता व्हॉल्व्ह कुठल्या कंपनीचे घ्यायचे, स्टेपडाउन किती व्होल्टचा हवा, आणि हे घरी करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

व्हॉल्व्ह अजून घेऊ नका, आणि संच सुरू करणं आजपासून बंद. तुमचा प्रश्न व्हॉल्व्हच्या कंपनीचा नाहीच. प्लेट लाल होणं हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे असण्याची शक्यता जास्त. नवे चार व्हॉल्व्ह टाकलेत तरी त्या जागेवरचा पुन्हा लाल होण्याचीच शक्यता जास्त. त्यांच्या नादात आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) जळला तर तसा दुसरा मिळत नाही, मिळाला तर दुसऱ्या ५००-सीमधून काढलेला मिळतो. या संचात जपायच्या गोष्टी दोनच: ट्रान्सफॉर्मर आणि पुढची काच. बाकी सगळं बदलता येतं.

घरी करता येईल का, हे तुमच्या हातावर अवलंबून आहे. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये थांबून राहतो. सोल्डरिंग येतं, सर्किटचा नकाशा वाचता येतो आणि याआधी व्हॉल्व्हचा एखादा साधा रेडिओ उघडलाय, असं असेल तर जरूर करा. नसेल तर हे उत्तर मेकॅनिकला वाचायला द्या आणि त्याच्या शेजारी बसा. उघडल्यावर पहिलं काम कंडेन्सर रिकामे करण्याचं. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना मगरी क्लिपा; एक टोक चेसिसला, दुसरं मुख्य फिल्टर कंडेन्सरच्या प्रत्येक टॅगला (जोडणीच्या पट्टीला) काही सेकंद. मग मीटर लावून शून्य झालंय याची खात्री. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची सवय असलेले मेकॅनिक आहेत, त्यांच्या हाती हा संच देऊ नका.

आता संच काय आहे ते थोडं. अमेरिकेत १९६१ साली एफएम स्टिरिओ प्रक्षेपणाला मंजुरी मिळाली आणि त्यानंतर ट्यूनर, प्रीअँप, पॉवर अँप एकाच चेसिसवर असलेल्या रिसीव्हरची चढाओढ लागली. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतली फिशर रेडिओ त्यात आघाडीवर होती. ५००-सी हा त्यांचा साठच्या दशकाच्या मध्याचा संच: आउटपुटला ७५९१ जातीचे चार व्हॉल्व्ह, फक्त एफएम. याचा भाऊ ८००-सी, त्यात एएमही आहे. धाकटा ४००, त्यात ७५९१ऐवजी ७८६८. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ लागत नाही असं घरात कुणी म्हणत असेल, तर तो दोष नाही, या संचात मीडियम वेव्हच नाही. विविधभारती १०१ वर लागेल.

विजेपासून सुरुवात करू, कारण इथेच निम्मे संच मरतात. ५००-सी ११७ व्होल्ट धरून आखलेला आहे. अमेरिकेत आज घरात १२० ते १२४ येतात, म्हणजे तिथेही तो थोडा जास्तच तापत होता. पुण्यात त्यात दुसरी अडचण मिसळते, ती फ्रिक्वेन्सीची. तिथे ६० सायकल, इथे ५०. सायकल कमी झाली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर तेवढ्याच व्होल्टला जास्त ताण येतो. हिशेब सोपा आहे: इथल्या व्होल्टला १.२ ने गुणा. ५० सायकलवर ११० व्होल्ट म्हणजे गाभ्याला तिथले १३२ व्होल्ट वाटतात. ११७ दिले तर १४० वाटतात. म्हणून ‘११७ चा संच आहे, बरोबर ११७ द्या’ हा सल्ला इथे घातक ठरतो.

मग १०० का नाही द्यायचे? कारण हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार. ६.३ व्होल्टचे हीटर १० टक्क्यांपर्यंत कमी चालतात, म्हणजे ५.७ च्या आसपास. १०५ व्होल्टला ते त्या हद्दीवर येऊन टेकतात. गाभ्याचं ऐकलं तर खाली जावं लागतं, हीटरचं ऐकलं तर वर. मी १०८ वर थांबतो. हीटर ५.८ वर राहतात आणि ट्रान्सफॉर्मर तासाभराने गरम लागतो, पण चटका बसत नाही. मात्र आधी मागचं लेबल वाचा. त्यावर ५०-६० सायकल छापलं असेल तर गाभा त्या हिशेबाने बांधलेला आहे, मग ११० ते ११५ खुशाल द्या. निर्यातीसाठी व्होल्टेज निवडायची सोय असलेले संचही कधीकधी दिसतात. तुमचा तसा असेल तर ही सगळी चर्चाच तुमच्यापुरती निकाली.

बाजारातला ‘२२०/११०’ स्टेपडाउन म्हणजे निम्मं करणारा ट्रान्सफॉर्मर. रात्री लाइन २४५ झाली की तो १२२ देतो, आणि ५० सायकलवर हे फार झालं. शिवाय त्यातले बरेचसे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे इनपुट आणि आउटपुट एकाच गुंडाळीचे. आतून तार तुटली तर पूर्ण २३० संचात शिरू शकतात. तपकीर गल्लीच्या आसपास ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करून देणारे आहेत. त्यांना स्पष्ट सांगा: वेगळ्या दोन गुंडाळ्यांचा, ५०० व्हीएचा, आणि सेकंडरीला १००, १०५, १०८, ११०, ११५ असे टॅप. अमेरिकेहून येताना लोक हेअर ड्रायरसाठीचा हलका कन्व्हर्टर आणतात, तो चुकूनही लावू नका. तो वीज कापून देतो, व्होल्टेज खऱ्या अर्थाने उतरवत नाही.

आता त्या लाल प्लेटकडे. ७५९१ च्या ग्रिडवर, म्हणजे करंटला आवर घालणाऱ्या आतल्या जाळीवर, ऋण व्होल्टेज दिलेला असतो, तो बायस. हा व्हॉल्व्हचा लगाम. लगाम सुटला की व्हॉल्व्ह हवा तेवढा करंट ओढतो, प्लेट लाल होते, काच मऊ पडू शकते, आणि तोच करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या तारेतून जात असतो. लगाम सुटायची मुख्य कारणं तीन: बायस तयार होत नाही, ग्रिडपर्यंत पोचत नाही किंवा कुठून तरी धन व्होल्टेज येऊन तो खाऊन टाकतो.

चारही व्हॉल्व्ह लाल झाले असते तर मी आधी बायस तयार करणारा सेलेनियम रेक्टिफायर बघितला असता. तुमचा एकच होतोय, म्हणून माझा पहिला संशय कपलिंग कंडेन्सरवर. ७५९१ च्या आधीच्या छोट्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर २०० व्होल्ट आहेत असं धरा. ते अडवून फक्त गाणं पुढे सोडणं हे या कंडेन्सरचं काम. वय झालं की तो गळतो. समजा त्याचा गळतीचा रेझिस्टन्स २० मेगओहम झाला. त्यातून १० मायक्रोअँपिअर येतो. ग्रिडचा रेझिस्टर ३३० किलोओहम धरला तर त्यावर ३.३ व्होल्ट धन उभे राहतात आणि तेवढा बायस कमी होतो. प्लेट लाल व्हायला हे पुरेसं आहे. आणि गंमत बघा, साध्या मीटरने तपासलं तर २० मेगओहम म्हणजे ‘कंडेन्सर ओके’. मीटर एखाद-दोन व्होल्टने मोजतो, गळती २०० व्होल्टला होते आणि संच तापल्यावर वाढते. पंधरा-वीस मिनिटांनी लाल होतो असं तुम्ही लिहिलंत, ते इथे चपखल बसतं.

खात्री अशी करायची. संच बंद करून कंडेन्सर रिकामे करा, चारही ७५९१ उपसून ठेवा. स्टेपडाउनच्या आधी, म्हणजे २३० च्या बाजूला, सिरीज बल्ब लावा: १०० वॅटचा जुना फिलामेंटवाला. एलईडी चालत नाही. सिरीज बल्ब का, तर आउटपुट व्हॉल्व्ह काढल्यावर भार उतरतो आणि मुख्य व्होल्टेज वर चढतो; जुन्या फिल्टरला ते झेपत नाही. शिवाय या संचात रेक्टिफायर व्हॉल्व्ह नाही, सिलिकॉन डायोड आहेत, त्यामुळे स्विच दाबताच व्होल्टेज उभं राहतं. बल्ब एकदा भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर बंद करा, आत शॉर्ट आहे. बल्ब मंदावला की मीटरचं काळं टोक चेसिसला क्लिप करून लाल टोकाने चारही सॉकेटच्या ग्रिडच्या पिना एकेक मोजा. एक हात पाठीमागे. आकडा पूर्ण बायसपेक्षा कमी येईल, कारण बल्बने वीज कमी केली आहे, पण चारही ठिकाणी सारखा यायला हवा. तीन ठिकाणी सारखा आणि चौथ्या ठिकाणी शून्याकडे झुकलेला असेल तर त्या सॉकेटचा कपलिंग कंडेन्सर गळतोय, नाहीतर ग्रिडचा रेझिस्टर तुटलाय. चारही सारखे आले तर अर्ध्या तासाने, संच गरम झाल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही सारखे राहिले तर मग मी व्हॉल्व्हवर संशय घेईन, कारण व्हॉल्व्ह स्वतःही ग्रिडमधून गळू शकतो.

दोष एका कंडेन्सरचा निघाला तरी चारही बदला. क्षमतेचा आकडा जुनाच, व्होल्टेज ६३० चं, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर फिल्म. मोठ्या नावांचे, सोन्याच्या भावाचे कंडेन्सर लागत नाहीत. मला तरी साध्या चांगल्या फिल्ममध्ये आणि त्यांच्यात ऐकू येणारा फरक आढळलेला नाही. चकतीसारखे सिरॅमिक कंडेन्सर मात्र हलवू नका, विशेषतः ट्यूनरमधले. ते सहसा बिघडत नाहीत, आणि त्यांच्या वायरची लांबीसुद्धा तिथे हिशेबात धरलेली असते.

आता सेलेनियम. बायस तयार करणारा पंख्या-पंख्यांचा रेक्टिफायर. तो चालू असला तरी मी बदलतोच, आणि या एका बाबतीत ‘चालतंय ना, राहू द्या’ हे मला पटत नाही. सेलेनियम हळूहळू थकतो, बायस रोज थोडा कमी होतो, व्हॉल्व्ह रोज थोडे जास्त तापतात. शेवटी जळतो तेव्हा कुजक्या लसणासारखा वास येतो. तो वास हुंगत बसू नका, खिडकी उघडून बाहेर जा, धूर विषारी असतो. त्याच्या जागी सिलिकॉन ब्रिज बसतो, पण सिलिकॉनमध्ये व्होल्टेज कमी खर्ची पडतं, म्हणून पुढे व्होल्टेज वाढतं. ते मोजून, रेझिस्टर घालून जुन्या आकड्यावर आणावं लागतं. फिशरमध्ये एक खोच आहे: प्रीअँपच्या १२एएक्स७ व्हॉल्व्हचे हीटर माळेत जोडून याच सप्लायवर चालवलेत, हम (घूं आवाज) कमी व्हावा म्हणून. त्यामुळे इथला आकडा बदलला की ते हीटरही बदलतात. आणि चालू संचातून ‘बघू, कुठल्याने आवाज होतो’ म्हणून १२एएक्स७ उपसला तर बायसचं गणित बिघडतं. मेकॅनिक ही चूक सर्रास करतात.

घूं आवाजाचं काय? दोन्ही दोष एकाच बाजूला आहेत का ते पाहा. लाल होणारा व्हॉल्व्ह डाव्या चॅनेलचाच असेल तर आवाजही बहुधा त्यामुळेच आहे. प्रत्येक चॅनेलचे दोन व्हॉल्व्ह जोडीने, एकमेकांच्या उलट काम करतात, ते पुशपुल. जोडीतला एक व्हॉल्व्ह भरमसाट ओढू लागला की पुशपुलचा तोल जातो आणि सप्लायची लहर, जी एरवी आपोआप कटते, ती स्पीकरमध्ये येते. म्हणून आधी कंडेन्सर बदला, मग आवाज ऐका. तरीही राहिला, आणि व्हॉल्यूम शून्यावरही तेवढाच राहिला, तर फिल्टर कंडेन्सर. हे डब्यातले, एका डब्यात तीन-चार भाग असलेले असतात. मी डबा वर तसाच ठेवतो, आतून जोडणी तोडतो आणि खाली नवे कंडेन्सर टॅगपट्टीवर बसवतो. वरून संच जुनाच दिसतो. आकडा वाढवायचा मोह टाळा. पहिला कंडेन्सर दुप्पट केला तर डायोड आणि ट्रान्सफॉर्मरवरचा धक्का वाढतो.

याच वेळी मेन्सच्या तारेपासून चेसिसला जाणारा छोटा कंडेन्सर शोधा. तो शॉर्ट झाला तर धातूची चौकट थेट लाइनला लागते. तो काढा किंवा वाय-२ दर्जाचा (अशा जागेसाठीच बनवलेला सुरक्षित प्रकार) लावा, आणि तीन पिनांची कॉर्ड बसवून चेसिसला अर्थिंग द्या.

इथपर्यंत क्रम लक्षात ठेवा: व्होल्टेज, कपलिंग, सेलेनियम, फिल्टर. हे झालं की चारही ७५९१ च्या कॅथोडच्या तारेत १० ओहमचा, एक टक्का अचूकतेचा एकेक रेझिस्टर घाला. फिशरने बायस ठरवून ठेवलेला आहे, फिरवून बदलायला पॉट (बदलता रेझिस्टर) नाही, त्यामुळे आत काय चाललंय हे कळायची ही एकच खिडकी. रेझिस्टरवर ३०० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर साधारण १३ वॅट होतात, व्हॉल्व्हची कमाल १९ आहे. मी ३० ते ३३ मध्ये ठेवतो. जुन्या संचांत ४० च्या वर दिसतात, म्हणजे १७-१८ वॅट. वाजतं छान, पण व्हॉल्व्ह लवकर जातो. व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडच्या (दुसऱ्या जाळीच्या) वाटेत १०० ओहमचा एकेक रेझिस्टर घाला, फायदा होतो. मोजताना स्पीकर किंवा ८ ओहम २० वॅटचा डमी भार जोडलेला असलाच पाहिजे. व्हॉल्व्ह अँप भाराशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडू शकते.

मग आता व्हॉल्व्ह. तुम्हाला ‘सगळे बदला’ सांगणाऱ्याबद्दल मी वाईट बोलत नाही, पण तुमचे छोटे व्हॉल्व्ह उलटे करून बुडाशी, पिनांच्या मधे बघा. काचेत पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण उमटलेली असेल तर ते टेलिफंकन या जर्मन कंपनीचे आहेत. फिशर त्या काळी ते भरपूर वापरत असे. जुने टेलिफंकन आज नव्यापेक्षा कितीतरी महाग विकले जातात, आणि सहसा अजून ठणठणीत असतात. ते कुणाच्या ताब्यात देऊ नका. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३. एखादा खरोखर गेला असेल तर जुन्या दुकानात बेलचा, बंगळूरचा, मिळू शकतो आणि चांगला चालतो. ७५९१ मात्र आपल्याकडे बनले नाहीत. नवे इलेक्ट्रो-हार्मोनिक्स किंवा जेजेचे मागवावे लागतील, चारांचा जुळवलेला संच. कुणी ६एल६ किंवा ईएल३४ ‘बसतो’ म्हणाला तर थांबवा. पाया ऑक्टल आहे म्हणून बसतो, पण पिनांची जोडणी वेगळी आहे.

ट्यूनरला हात लावू नका. १०.७ मेगाहर्ट्झच्या आयएफ डब्यांतले (स्टेशन निवडणाऱ्या कॉइलच्या डब्यांतले) गाभे फिरवायची खुमखुमी येईल. जनरेटर नसेल तर ते पुन्हा जागेवर येत नाहीत. इथल्या एफएमवर आवाज किंचित बोदा वाटेल, त्याचं कारण बिघाड नाही. अमेरिकेत डीएम्फसिस, म्हणजे रिसीव्हरने उंच सूर ठरावीक प्रमाणात खाली आणणं, ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. १० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबलचा फरक पडतो. ट्रेबल थोडं वाढवलं की काम भागतं.

साफसफाईत सगळ्यात नाजूक ती पुढची काच. आकडे आतल्या बाजूने रंगवलेले असतात, आणि ओल्या फडक्याने एकदा पुसलं तर स्टेशनं निघून येतात. आतून फक्त मऊ ब्रशने धूळ झटका, बाहेरून पुसा. व्हॉल्यूम आणि स्विचना कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो, गंज काढायचा तेलकट स्प्रे नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर वाजवा, गुंडाळ्यांतला दमटपणा जातो. वर काहीही ठेवायचं नाही, फुलदाणीही नाही. लाकडी पेटीत असेल तर वर चार बोटं आणि मागे वीतभर मोकळी जागा.

मागच्या लेबलवरचा मजकूर, तुमच्या स्टेपडाउनचं रात्री नऊच्या सुमाराचं आउटपुट आणि चार ग्रिडचे आकडे, गार आणि गरम दोन्ही, एवढं कळवा. कुठल्या सॉकेटचा व्हॉल्व्ह लाल होतो तेही मागून बघून डावीकडून कितवा असं लिहा, म्हणजे कुठला कंडेन्सर आधी कापायचा ते नेमकं सांगता येईल.